दगड बोलतो तिथे तुम्ही गुळमुळीत, दगड गप्प तिथे तुम्ही ठाम: एआय कंपन्यांतल्या मराठी मंडळींना खुलं पत्र

प्रति,
जनरेटिव्ह एआय बनवणाऱ्या कंपन्यांत भारतीय भाषांचं काम पाहणारी मंडळी,
पुणे, हैदराबाद, बंगळुरू आणि जिथे कुठे असाल तिथे.

विषय: वादग्रस्त वारसास्थळांबद्दल तुमची यंत्रं देत असलेली उत्तरं.

सप्रेम नमस्कार.

मी जुन्नर तालुक्यात इतिहास शिकवते. सुट्टीच्या दिवशी शाळेतल्या मुलांना, आणि हल्ली त्यांच्या पालकांनाही, किल्ले-लेणी दाखवायला नेते. तुमच्यात मराठी बोलणारे पुष्कळ आहेत हे ठाऊक आहे, आमच्या शाळेतून गेलेली काही मुलंही याच धंद्यात आहेत. तेव्हा हे पत्र घरच्याच माणसांना लिहितेय असं समजा. घरच्यांना बोलताना जीभ जरा सैल सुटते, तेवढं सांभाळून घ्या.

पूर्वी सहलीतला चौकस मुलगा मला विचारायचा, "मॅडम, हे कुणी बांधलं?" आता तो मोबाईलला विचारतो आणि उत्तर मला ऐकवतो. सनावळ्या बऱ्याचदा बरोबर असतात, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती वादाच्या जागांबद्दल. तिथे तुमचं यंत्र प्रश्न विचारणाऱ्याचं तोंड बघून बोलतं.

लेण्याद्रीचंच घ्या. अष्टविनायकातला गिरिजात्मज तिथे आहे आणि दर्शनाला येणाऱ्या भाविकाला पुरातत्त्व खात्याचं तिकीट काढावं लागतं, कारण गणपती बसलाय तो संरक्षित बौद्ध लेण्यात. सातव्या क्रमांकाच्या लेण्यात शिरलं की मधे एकही खांब नसलेला प्रचंड मंडप लागतो. दोन्ही बाजूंना सात-सात आणि मागच्या भिंतीत सहा, अशा भिक्खूंच्या वीस खोल्या. मागच्या भिंतीतल्या मधल्या दोन खोल्या एक करून गाभारा केलेला आहे. शेजारच्या सहाव्या लेण्यात चैत्यगृह, आत स्तूप. म्हणजे मूळचा विहार बौद्ध, याबद्दल अभ्यासकांत वाद नाही. इथली लेणी इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकाच्या आसपासची. पण त्या दोन खोल्यांमधली भिंत कुणी काढली, केव्हा काढली, तेव्हा विहारात कुणी राहत होतं की तो ओस पडला होता, हे सांगणारा लेख तिथे नाही. दगड गप्प आहे.

आता मोबाईल. एका पालकाने विचारलं, "बौद्ध लेणं बळकावून इथे गणपती कधी बसवला?" यंत्राने शतक सांगितलं, राजवट सांगितली, हेतूसुद्धा सांगितला. दुसऱ्या बाईंनी त्यांच्या मोबाईलवर विचारलं, "गिरिजात्मजाच्या प्राचीन देवळात बौद्ध भिक्खू कधी राहायला आले?" त्यांना पार्वतीच्या तपश्चर्येची कथा मिळाली आणि जोडीला, नंतरच्या काळात भिक्खूंनी या गुहांचा आश्रय घेतला, असं साळसूद वाक्य. दोन्ही उत्तरांची भाषा इतकी सुबक की परीक्षेत लिहिली तर पैकीच्या पैकी गुण पडावेत. दोघंही समाधानाने पायऱ्या उतरले. दोघांनाही कळलं नाही की शेजारच्या माणसाला त्याच यंत्राने नेमका उलटा इतिहास दिला आहे.

हे का होतं, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. यंत्राच्या उत्तरांना माणसांनी गुण द्यायचे आणि आवडलेल्या उत्तरांकडे यंत्राने झुकायचं, या पद्धतीत विचारणाऱ्याची री ओढण्याची खोड येते, असं तुमच्याच क्षेत्रातल्या संशोधकांनी लिहून ठेवलं आहे. पाककृतीबाबत ही खोड चालून जाईल. वारशाबाबत चालत नाही, कारण आपल्याकडे या जागांबद्दल विचारलेला जवळजवळ प्रत्येक प्रश्न आधीच एका बाजूला कललेला असतो. "बळकावून" हा शब्द प्रश्नात होता. यंत्राने तो पुरावा म्हणून स्वीकारला.

त्यात मराठीची आणखी एक गोची आहे. या विषयांवर मराठीत जे काही नेटवर पडलंय त्यात जयंती-पुण्यतिथीचे लेख, भाषणं आणि फॉरवर्ड झालेला मजकूर ढिगाने सापडतो. शिलालेखांची वाचनं, बखरींच्या चिकित्सक आवृत्त्या, पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाने १९१० पासून जमवलेलं आणि छापलेलं साहित्य हे त्या मानाने अत्यल्प, असलं तरी स्कॅन केलेल्या पानांत अडकलेलं. यंत्र जे खातं तेच बोलणार. म्हणून इंग्रजीत विचारलं की उत्तराला विद्यापीठाचा वास येतो आणि मराठीत विचारलं की सभेतल्या माइकचा.

लेण्याद्रीला दगड गप्प होता. आता दगड बोलतो अशी जागा घेऊ. पेरणे फाट्याजवळचा कोरेगाव भीमाचा स्तंभ.

लढाई १ जानेवारी १८१८ ची. कॅप्टन स्टाँटनच्या हाताखाली ईस्ट इंडिया कंपनीची आठशेच्या आसपास माणसं, त्यात मुंबई नेटिव्ह इन्फन्ट्रीचे शिपाई, थोडे घोडेस्वार आणि मद्रासचे दोन तोफांवरचे गोलंदाज. समोर दुसऱ्या बाजीरावाचं सैन्य, अंदाजे २८,०००. पण एवढे सगळे गावावर चालून गेले नाहीत, प्रत्यक्ष हल्ला चढवला तो दोनेक हजारांच्या पायदळाने, ज्यात अरब होते, गोसावी होते, मराठे होते. दिवसभर गल्लीबोळांत लढाई झाली. रात्री पेशव्यांची फौज मागे हटली, कारण इंग्रजांच्या जनरल स्मिथची मोठी फौज मागावर होती. स्टाँटनही तिथे थांबला नाही, दुसऱ्या रात्री जखमींना घेऊन शिरूरला गेला. कंपनीने १८२१ मध्ये स्तंभाची पायाभरणी केली. त्यावर इंग्रजी आणि मराठीत लेख कोरला आहे आणि कंपनीच्या मेलेल्या ४९ जणांची नावं आहेत. त्यांतली २२ नावं "नाक" या प्रत्ययाने संपतात, म्हणजे महार शिपायांची. उरलेल्यांत इतर जातिधर्मांचे लोक आहेत. इंग्रजी लेख या लढाईला ब्रिटिश सैन्याच्या पूर्वेकडच्या सर्वांत अभिमानास्पद विजयांपैकी एक म्हणतो.

एवढं दगडावर आणि त्या काळच्या कागदांत आहे. यात वाद घालण्यासारखं फार थोडं आहे. तरीही मोबाईलवर "पाचशे महारांनी अठ्ठावीस हजार पेशव्यांना कापून पेशवाई संपवली ना?" असं विचारलं की होकार येतो, आणि "कोरेगावात इंग्रज पळाले, महारांचा विजय ही नंतरची बनावट कथा आहे ना?" असं विचारलं की त्यालाही होकार येतो. कुठल्याच बाजूने न विचारता साधं "तिथे काय झालं?" असं विचारलं की मग यंत्र एकदम शहाणं होतं: काहींच्या मते असं, काहींच्या मते तसं, हा विषय संवेदनशील आहे. अरे, ४९ नावं कोरलेली आहेत! त्यात "काहींच्या मते" कुठून आलं?

पेशवाई कोरेगावात संपली नाही. खडकीची लढाई ५ नोव्हेंबर १८१७ ला झाली, त्याच महिन्यात शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण लागलं, आणि बाजीराव इंग्रज अधिकारी माल्कमला शरण गेला तो जून १८१८ मध्ये. हे सांगितलं म्हणजे स्तंभाचं महत्त्व कमी होत नाही. कारण त्याचं दुसरं आयुष्य पुढे सुरू झालं आणि त्यालाही तारखा आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी महारांची सैन्यभरती बंद केली. ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून शिवराम जानबा कांबळे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी सरकारकडे अर्ज केले. १ जानेवारी १९२७ ला डॉ. आंबेडकर स्तंभाला मानवंदना द्यायला आले. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा तिच्या बोधचिन्हावर हाच स्तंभ होता. ज्यांना गावकुसाबाहेर ठेवलं गेलं त्यांना सरकारी दगडावर आपल्या पूर्वजांची नावं दिसली, हे विसाव्या शतकातलं सत्य आहे आणि ते १८१८ च्या सत्याइतकंच खरं आहे. दोन्ही वेगवेगळ्या काळांतली आहेत, इतकंच. माझ्या वर्गातल्या आठवीच्या मुलांना हे दोन तासांत समजतं. तुमचं यंत्र मात्र १८१८ आणि १९२७ ची एकच खिचडी शिजवतं, आणि विचारणारा कोण ते पाहून तिच्यात मीठ घालतं.

कुणी म्हणेल, गाईडही असंच करतात, मास्तरही करतात, गावातले फलकही करतात. करतात की. आमच्याकडचा एक गाईड तर समोरच्या गटाचं आडनाव कळल्याशिवाय तोंड उघडत नाही. पण गाईडला चेहरा असतो, फलकाला मालक असतो. कोरेगावजवळचं वढू बुद्रुक आठवा. छत्रपती संभाजी महाराजांना औरंगजेबाने मार्च १६८९ मध्ये ठार मारलं, त्यांची समाधी तिथे आहे. अंत्यसंस्कार कुणी केले याबद्दल गावात दोन परंपरा सांगितल्या जातात, एक गोविंद गोपाळ महार यांची आणि दुसरी मराठा घराण्यांची. डिसेंबर २०१७ च्या अखेरीस तिथे एक फलक लागला, त्यावरून तणाव झाला, आणि १ जानेवारी २०१८ ला कोरेगाव परिसरात दंगल उसळली. एका तरुणाचा जीव गेला. एका फलकाने इतकं झालं. पण तो फलक निदान सगळ्यांना एकच दिसत होता. त्यावर काय लिहिलंय हे पोलिसांना वाचता आलं, गावाला वाचता आलं, चौकशी आयोगापुढे मांडता आलं. तुमचं यंत्र दर माणसाला वेगळा फलक लावून देतं आणि तो दुसऱ्या कुणालाच दिसत नाही. त्याविरुद्ध तक्रार कुणी, कुठे करायची?

दगडाबद्दल जे होतं तेच न्यायालयाच्या कागदाबद्दलही होतं. अयोध्येच्या निकालाचा सारांश मागून पाहा. ९ नोव्हेंबर २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पुरातत्त्व खात्याच्या उत्खननाचा आधार घेऊन म्हटलं की मशिदीखालची वास्तू इस्लामी नव्हती. त्याच निकालात हेही आहे की ती वास्तू पाडूनच मशीद बांधली असा निष्कर्ष खात्याने काढलेला नाही. १९४९ मध्ये आत मूर्ती ठेवणं आणि १९९२ मध्ये मशीद पाडणं बेकायदा होतं, हेही न्यायालयाने लिहिलं, आणि जागा दिली हिंदू पक्षाला. कुठल्याही एका बाजूला पूर्ण न रुचणारा हा निकाल आहे. तुमची यंत्रं मात्र विचारणाऱ्याला रुचेल तो अर्धा निकाल काढून देतात. हजारभर पानांचा कागद जाहीरपणे उपलब्ध असताना ही स्थिती, तर ज्या जागेबद्दल एक ओळसुद्धा लिहिलेली नाही तिथे काय होत असेल?

रायगडाबद्दल फार लिहीत नाही, नाहीतर पत्राचा पोवाडा होईल. शिवरायांच्या समाधीचं श्रेय महात्मा फुल्यांना की टिळकांना, यावर आपल्याकडचे पुढारी अजूनही एकमेकांवर तुटून पडतात. फुल्यांचा शिवरायांवरचा पोवाडा १८६९ चा. टिळकांनी समाधीच्या जीर्णोद्धारासाठी निधीची चळवळ उभी केली ती १८९५ ची, आणि पुढच्या वर्षी रायगडावर उत्सव झाला. दोन माणसं, दोन पिढ्या, दोन कामं. यंत्राला एकच नाव हवं असतं, कारण प्रश्नात एकाच नावाची जागा असते. वाघ्या कुत्र्याचा पुतळा तिथे १९३६ मध्ये बसला, होळकरांच्या देणगीतून. २०११ मध्ये तो काढला गेला, पुन्हा बसला, आणि २०२५ मध्ये वाद परत पेटला. शिवकालीन कागदांत त्या कुत्र्याचा पुरावा दाखवता आलेला नाही, असं इतिहासकार सांगतात. दुसरीकडे होळकरांच्या नावामुळे धनगर समाजाच्या भावना त्या पुतळ्याशी जोडलेल्या आहेत. ही दोन्ही वाक्यं एका उत्तरात का बसू नयेत?

आणि कृपा करून गप्प बसण्याचा मार्ग सुचवू नका. काही यंत्रं हल्ली औरंगजेबाच्या खुलताबादच्या कबरीचं नाव काढलं की हात जोडून मोकळी होतात. १७०७ मध्ये तो नगरला मेला, शेख झैनुद्दीनच्या दर्ग्याच्या आवारात त्याला पुरलं, कबर साधी, वर आभाळ, भोवतीची संगमरवरी जाळी नंतरची, आणि जागा केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे संरक्षित. यात लपवण्यासारखं काय आहे? मार्च २०२५ मध्ये या कबरीवरून नागपुरात दंगल झाली, तेव्हा शाळेत मुलं मला विचारत होती आणि मला उत्तर द्यावंच लागलं. यंत्र गप्प बसलं की पोरगं व्हॉट्सअ‍ॅपवर जातं. तिथे कुणीही गप्प नसतं.

मला काय हवं आहे, ते आता सांगते. उत्तर थरांनी द्या. आधी वस्तू: दगड, लेख, नाणं, त्या काळचा कागद. मग त्या जागेची परंपरा, कुणाची आणि साधारण कधीपासून नोंदलेली. मग आजचा वाद, कोण काय मागतंय. तिन्ही थरांना तारखा लावा. थर मिसळले की राजकारण आपोआप शिरतं, त्यासाठी कुणाचा वाईट हेतू असावा लागत नाही. परंपरेला तुच्छ लेखा असं मी म्हणत नाहीये. कार्ल्याला चैत्यगृहाच्या दारातच एकवीरा आहे, कोळी बांधवांचं दैवत, आणि तिच्याबद्दल लोक पांडवांची गोष्ट सांगतात. चैत्यगृहाच्या ओसरीतल्या लेखात वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने हे जंबुद्वीपातलं उत्तम शैलगृह पुरं केल्याचं कोरलेलं आहे. मुलांना मी दोन्ही सांगते. कोळीवाड्यातून आलेला मुलगा त्याने दुखावत नाही, भूतपालाचं नाव ऐकून उलट त्याचे डोळे मोठे होतात. दुखावतो तो त्याच्या देवीला कुणी "अतिक्रमण" म्हटलं की, आणि बौद्ध घरातली मुलगी दुखावते ती त्या लेण्याला कुणी "पांडवांचं" म्हणून बुद्धाचं नाव गाळलं की.

दगड गप्प असेल तिथे "याचा पुरावा उपलब्ध नाही" एवढं एक वाक्य यंत्राला शिकवा. पहिल्या वाक्यात शिकवा, तळटिपेत नको. आणि दगड बोलत असेल तिथे "काहींच्या मते" बंद करा.

तपासण्याची रीतही साधी आहे. एकच प्रश्न दोन बाजूंनी विचारा, मराठीत आणि इंग्रजीत विचारा, आणि चारही उत्तरं एकमेकांशेजारी ठेवा. भाषेचा सूर बदलला तर चालेल, पण घटना आणि तारखा बदलल्या तर ते उत्तर नापास. उत्तरांना गुण देणाऱ्यांत एकाच शहरातली, एकाच थरातली माणसं नकोत. पेठेतलाही हवा, पेरण्याचाही हवा, वेसाव्याच्या कोळीवाड्यातलाही हवा. आणि ज्याला ब्राह्मी आणि मोडी वाचता येते असा निदान एक माणूस त्या खोलीत हवाच. पुण्यात असे लोक आहेत, आणि मोठ्या पगाराची अपेक्षा करणारे ते नव्हेत.

हे आत्ताच लिहिण्याचं कारण असं की जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले. अकरा महाराष्ट्रातले, एक तमिळनाडूतला जिंजी, आणि अकरांत आमचा शिवनेरीही आला. आता पर्यटन वाढणार. क्यूआर कोड लावून आवाजी माहिती देणारे गाईड येणार आणि त्यांच्या पोटात तुमचीच यंत्रं असणार. यादीत प्रतापगड आहे, जिथे अफझलखानाच्या कबरीभोवतालचं बांधकाम नोव्हेंबर २०२२ मध्ये बंदोबस्तात हटवलं गेलं. तिथे कानाला इअरफोन लावून उभ्या असलेल्या दोन माणसांना तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी सांगणार आहात का?

तुमच्याकडून उत्तर हवं आहे, ते या प्रश्नांचं. मराठीतल्या ऐतिहासिक उत्तरांसाठी लेखी मार्गदर्शक सूचना आहेत का, आणि त्या कुणी लिहिल्या? वर सांगितलेली उलटसुलट प्रश्नांची तपासणी तुम्ही मराठीत करता का, करत असाल तर निकाल जाहीर कराल का? एखाद्या शिक्षिकेला चुकीचं उत्तर सापडलं तर ते कळवायला अंगठा खाली करण्याच्या बटणाशिवाय दुसरी काही सोय आहे का? आणि दुरुस्ती झाली तर तिला ते कळणार कसं?

उत्तर मराठीत आलं तर बरं. "आम्ही तटस्थतेसाठी कटिबद्ध आहोत" हे वाक्य त्यात नको. ते तुमचं यंत्रच मला रोज लिहून देतं.

आपली,
जुन्नर तालुक्यातली एक इतिहास शिक्षिका